आधी धावपट्टी, शेवटी दिवाणखाना

कॅलिफोर्नियातल्या कॅमेरॉन पार्क या गावात बोइंग रोड नावाचा एक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना टुमदार बंगले, पुढे हिरवळ, दारात मोटार. रस्ता मात्र शंभर फूट रुंद. बंगल्यांच्या गल्लीला एवढी रुंदी कशाला, हे नवख्याला कळत नाही. पत्रपेट्या आणि रस्त्यांच्या पाट्याही मुद्दाम बुटक्या ठेवलेल्या. कारण या रस्त्यावरून मोटारींबरोबर विमानंही जातात. घरालगतच्या हँगरमधून चार आसनी सेसना बाहेर पडते, स्वतःच्या चाकांवर गल्लीतून जाते, वळण घेते आणि धावपट्टीला लागते. मोटारवाल्यानं थांबायचं आणि विमानाला वाट द्यायची, हा तिथला शिरस्ता.

अशा वस्तीला एअरपार्क म्हणतात. अमेरिकेत अशा वस्त्या सहाशेहून अधिक आहेत. कुठे गवताची पट्टी आणि तिच्या काठची दहा-पंधरा घरं, तर कुठे गोल्फ मैदानासकट वसवलेलं अख्खं गाव. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि फ्रान्समध्येही असे प्रयोग झाले. पण ही कल्पना रुजली आणि फोफावली ती अमेरिकेतच. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे आपल्याकडेही तिचं कुतूहल वाढलं आहे. त्या चित्रफितींत दिसतो तो झकपक बंगला आणि त्याच्या पोटातलं चकचकीत विमान. प्रत्यक्षात असं घर बांधणाऱ्याचे कळीचे निर्णय बंगल्याच्या फार आधी होऊन गेलेले असतात. एरवी घराचा नकाशा आतून बाहेर जातो: खोल्या किती, मग भिंती, मग अंगण, मग गाडी कुठे लावायची. इथे तो बाहेरून आत येतो. आधी धावपट्टी, मग तिथवर जाण्याचा हक्क, मग हँगर आणि शेवटी दिवाणखाना. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि विमान दारात उभं राहतं.

युद्धानंतरचं स्वप्न

पहिली निवासी एअरपार्क म्हणून कॅलिफोर्नियातल्याच फ्रेस्नोजवळच्या सिएरा स्काय पार्कचं नाव घेतलं जातं. साल १९४६. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. सैन्यात विमान चालवायला शिकलेले हजारो तरुण घरी परतलेले. देशभर लष्करानं घाईघाईत बांधलेल्या धावपट्ट्या ओस पडू लागलेल्या. मोटारीसारखंच प्रत्येक कुटुंबाकडे विमान असेल, असा कारखानदारांचा होरा होता. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत तीस हजारांवर छोटी नागरी विमानं तयार झाली. तो होरा लवकरच चुकला. पुढच्या एक-दोन वर्षांत मागणी कोसळली, अनेक कंपन्या गुंडाळल्या गेल्या. प्रत्येक घरी विमान काही आलं नाही, पण ज्यांच्या घरी ते आलं त्यांनी वस्त्या केल्या.

या वस्त्यांमधलं सर्वांत गाजलेलं नाव फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळच्या स्प्रूस क्रीकचं. मुळात ही नौदलाची युद्धकाळातली धावपट्टी. चार हजार फूट लांब आणि लष्करी थाटाची १७६ फूट रुंद. आज तिच्याभोवती सुमारे १,३०० घरं आणि ७०० हँगर आहेत. शनिवारी सकाळी इथले रहिवासी आपापली विमानं काढतात, थवा करून उडतात आणि जवळपासच्या एखाद्या विमानतळावर न्याहारी करून परततात. ही प्रथा अनेक वर्षं चालू आहे. कोणत्याही जाहिरातीपेक्षा तिच्यातून या जीवनशैलीचं मर्म जास्त कळतं. इथली माणसं घर घेतात ते शेजाऱ्यांसाठी.

फ्लोरिडातच ओकालाजवळ जंबोलेअर आहे. नॉटिलस व्यायामयंत्रांचा निर्माता आर्थर जोन्स यानं इथे साडेसात हजार फुटांहून लांब धावपट्टी बांधली. १९८४ साली त्यानं झिंबाब्वेतून हत्तीची ६३ पिल्लं विमानानं इथे आणली. पुढे अभिनेता जॉन ट्रॅव्होल्टा यानं तिथेच घर बांधलं आणि बोइंग ७०७ हे चार इंजिनांचं प्रवासी विमान अंगणात उभं केलं. त्याआधी तो स्प्रूस क्रीकला राहत असे. ७०७ सारखं विमान बाळगायचं तर लांब धावपट्टी आधीपासून असलेलीच जागा शोधावी लागते. घर कितीही पैसे ओतून बांधता येतं. साडेसात हजार फुटांची पट्टी कोणी हौसेखातर नव्यानं आखून देत नाही.

धावपट्टी कोणाची?

जागा बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा किमतीचा असतो. तो मालकीचा असायला हवा, आणि तोही प्लॉटच्या नव्हे, धावपट्टीच्या मालकीचा. इथे ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात.

पहिल्या प्रकारात धावपट्टी घरमालकांच्या संस्थेची असते. आपल्या हाउसिंग सोसायटीचा कारभार माहीत असलेल्याला हे समजायला वेळ लागत नाही: मासिक देखभाल, सिंकिंग फंड, सर्वसाधारण सभा, आणि सभेला न येता तक्रार करणारे सभासद. फरक एवढाच, की लिफ्टच्या जागी इथे काही हजार फुटांचं डांबर असतं. डांबराला भेगा पडतात, त्या बुजवाव्या लागतात. ठरावीक वर्षांनी वर नवा थर द्यावा लागतो. दिवे, रंगाचे पट्टे, गवत कापणं, दायित्वाचा विमा असा खर्च चालूच राहतो. संस्थेकडे राखीव निधी नसेल तर एक दिवस प्रत्येक घराच्या माथी मोठी एकरकमी पट्टी बसते.

दुसऱ्या प्रकारात धावपट्टी विकासकाच्या किंवा एखाद्या खासगी मालकाच्या नावावर असते आणि घरमालकांना फक्त वापराचा हक्क मिळतो. हा हक्क खरेदीखतात नोंदलेला, जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जाणारा असेल तर ठीक. तो नुसत्या शब्दावर किंवा दरवर्षी नव्यानं होणाऱ्या करारावर असेल, तर धावपट्टी विकली गेल्यावर हातात उरतो तो खूप उंच छताचा मोटारखाना.

तिसरा प्रकार सार्वजनिक विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्त्यांचा. घर आपल्या जमिनीवर, पण कुंपणातल्या फाटकातून विमान सरकारी विमानतळावर जातं. ओरेगन राज्यातल्या इंडिपेंडन्सची वस्ती या प्रकारातली जुनी आणि मोठी. धावपट्टीची चिंता सरकार करतं, हा इथला मोठा फायदा. पण त्यावरून बराच वादही झाला. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विमानतळाचा लाभ काही खासगी घरांना का, आणि उद्या हेच रहिवासी आवाजाची तक्रार घेऊन आले तर काय, असे प्रश्न अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाला, म्हणजे एफएएला पडले. २०११ साली त्यांनी अशा नव्या वस्त्यांना मनाई करणारं धोरण आणलं. पुढच्याच वर्षी, २०१२ च्या कायद्यानं छोट्या विमानतळांपुरती ती मनाई उठली, पण अटी घालून. विमानतळावरच्या इतर भाडेकरूंच्या तोडीचं शुल्क भरायचं. ये-जा करण्याच्या वाटेचा खर्च स्वतः करायचा. जागा निवासासाठीच ठेवायची, धंदा करायचा नाही. आपल्या आवारातून दुसऱ्याला विमानतळावर जाऊ द्यायचं नाही. आणि आपल्या आवारात विमानात इंधन भरायचं नाही. या शेवटच्या अटीनं घराचा नकाशाही बदलतो. हँगरशेजारी इंधनाची टाकी ठेवण्याचा बेत तिथेच बारगळतो.

सार्वजनिक म्हणजे कायमचं, असंही समजू नये. शिकागोच्या सरोवराकाठची मेग्ज फील्डची धावपट्टी २००३ साली महापौरांच्या हुकमानं एका रात्रीत यंत्रं लावून उखडली गेली. कॅलिफोर्नियात सँटा क्लारा काउंटीनं आपल्या विमानतळांवर शिसंयुक्त पेट्रोलची विक्री २०२२ च्या आरंभी बंद केली. देशभर पिस्टन इंजिनांच्या विमानांना लागणाऱ्या पेट्रोलात आजही शिसं असतं. २०३० अखेरपर्यंत ते काढून टाकण्याचं उद्दिष्ट एफएए आणि उद्योगानं मिळून ठरवलं आहे. नव्या इंधनात आपलं इंजिन चालेल का आणि ते आपल्या वस्तीच्या पंपावर मिळेल का, हे प्लॉट घेतानाच विचारून ठेवलेलं बरं.

पट्टीची लांबी आणि आकाशातली उतरण

मालकीचं समाधान झालं की पट्टीची तपासणी. सेसना १७२ हे जगात सर्वाधिक खपलेलं छोटं विमान. त्याच्या आताच्या एस मॉडेलला समुद्रसपाटीला, साधारण हवामानात, पूर्ण वजनासह उडून पन्नास फुटी अडथळा ओलांडायला सुमारे १,६३० फूट लागतात. हा आकडा कारखान्याच्या पुस्तिकेतला, म्हणजे नवं विमान आणि कसलेला वैमानिक धरून काढलेला. ॲरिझोनाचा उन्हाळा किंवा कोलोरॅडोची उंची आली की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा दम कमी पडतो आणि हाच आकडा भराभर वाढतो. पट्टी गवताची आणि ओली असेल तर आणखी वाढतो. म्हणून ‘तीन हजार फूट पुष्कळ झाले’ हे वाक्य फ्लोरिडात खरं आणि डोंगरात धोक्याचं ठरू शकतं. आज आहे त्या विमानापेक्षा पाच-सात वर्षांनी घ्यायची इच्छा असलेलं विमान डोळ्यांपुढे ठेवून पट्टी बघावी. हँगर हवा तर नवा बांधता येईल. पट्टीच्या टोकाला शेजाऱ्याचं शेत आणि त्यात ओकची झाडं असतील तर ती वाढत नाही.

मग येतो उंचीचा मुद्दा. विलेपार्ले-सांताक्रूझच्या पुनर्विकासाच्या बातम्या वाचणाऱ्यांना ‘फनेल झोन’ ठाऊक आहे. विमान उतरण्याच्या मार्गाखालच्या इमारतींना मजले वाढवता येत नाहीत आणि जुन्या सोसायट्या वर्षानुवर्षं अडकून पडतात. अमेरिकी नियमांतही सार्वजनिक वापराच्या धावपट्टीभोवती अशाच काल्पनिक उतरणी आखलेल्या आहेत. छोट्या विमानांच्या, नजरेनं उतरायच्या पट्टीला मध्यरेषेपासून दोन्हीकडे १२५ फुटांचा सपाट पट्टा धरतात. त्याच्या कडेपासून बाहेरच्या दिशेनं दर सात फुटांना एक फूट अशी उतरण चढत जाते. आता वीस फूट उंच हँगर बांधायचा तर वीस साते एकशे चाळीस. त्यात १२५ मिळवले की २६५. म्हणजे सपाट जमिनीवर मध्यरेषेपासून २६५ फुटांच्या आत ती इमारत आली तर ती अडथळ्यांच्या यादीत जाते आणि तिची रीतसर तपासणी होते. हे हिशेब लागू होतील अशा ठिकाणी बांधकामाच्या निदान ४५ दिवस आधी एफएएला कळवावं लागतं. पूर्णपणे खासगी पट्ट्यांना मात्र या नियमांचं कवच नाही. तिथे शेजाऱ्यानं किती उंच बांधावं आणि झाड किती वाढू द्यावं, हे संस्थेच्या नियमावलीतच लिहिलेलं असावं लागतं. लिहिलेलं नसेल तर ते गृहीत धरू नये.

विमान मोजा, मग हँगर

आता कुठे नकाशाचा कागद पुढे घ्यायचा, आणि त्यावर पहिलं चित्र विमानाचं काढायचं. सेसना १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट, लांबी २७ फूट, शेपटीची उंची जेमतेम ९ फूट. सिरस एसआर२२ चे पंख ३८ फुटांच्या वर. पिलाटस पीसी-१२ हे एक इंजिनाचं टर्बोप्रॉप घेतलं तर पंख ५३ फूट, लांबी ४७ फूट आणि शेपटी १४ फूट उंच.

बहुतेक ठिकाणी बांधकाम खातं आंतरराष्ट्रीय इमारत संहितेचा आधार घेतं. तिच्यात घरगुती हँगरची व्याख्या आहे: एक किंवा दोन कुटुंबांच्या निवासी जागेवरचा, २,००० चौरस फुटांच्या आतला आणि २० फूट उंचीच्या आतला. आता आकडे मांडून पाहू. ४४ फूट रुंद आणि ४५ फूट खोल हँगर म्हणजे १,९८० चौरस फूट. त्यात सेसना सुखानं मावते, मागे हत्यारांचं बाक येतं, एका कोपऱ्यात मोटारही लागते. पिलाटससाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळे ठेवले तरी साठ फूट रुंदी हवी आणि खोली निदान ५२ फूट. झाले ३,१२० चौरस फूट. शेपटीसाठी दार सोळा फुटांचं, त्यावर तुळई, त्यावर छताचा उतार, म्हणजे उंचीचीही मर्यादा ताणली गेली. विमानाची एक पायरी वर चढलो आणि इमारत घरगुती हँगरच्या व्याख्येतून बाहेर पडली. मग मोठ्या हँगरांचे नियम, आगविरोधी बांधकामाची जास्त कडक अट, वेगळा विमा आणि अधिकाऱ्यांशी लांबलेली चर्चा. असे मोठे हँगर एअरपार्कमध्ये बांधले जातात, नाही असं नाही. पण ते कळून सवरून बांधावेत.

दाराची निवड हा हँगरमधला सर्वांत महाग आणि सर्वांत कमी विचार केला जाणारा निर्णय. सरकतं दार स्वस्त, पण बाजूला जागा खातं आणि बर्फाच्या प्रदेशात त्याचा खालचा रूळ गोठतो. मधोमध दुमडून वर जाणारं दार लोकप्रिय आहे. मात्र उघडल्यावर त्याची घडी तोंडाशी लोंबते आणि मोकळी उंची कमी करते. बारा फुटांचं दार सांगितलं आणि साडेदहा फूट हातात आले, अशी फसगत होते ती इथे. तेलाच्या दाबावर चालणारं एकसंध दार पूर्ण उंची देतं आणि उघडल्यावर पुढे छानसा मांडवही होतो. पण त्याचं सगळं वजन चौकटीला बाहेर खेचतं. असं दार लावायचं तर सांगाडा पहिल्यापासून त्या भाराचा हिशेब धरून काढावा लागतो. तयार लोखंडी शेड आधी मागवली आणि दाराचं नंतर बघू म्हटलं, तर शेड पुरवणारा आणि दार पुरवणारा एकमेकांकडे बोट दाखवतात. फ्लोरिडासारख्या चक्रीवादळांच्या पट्ट्यात तर दार ही इमारतीची दुबळी बाजू. ते आत दबलं की वारा आत शिरतो आणि छप्पर आतून उचलतो. तिथे वाऱ्याच्या दाबाचा दाखला असलेलंच दार घ्यावं.

फरशीकडे वळू. काँक्रीटखाली ओल अडवणारा पडदा हवा, नाहीतर जमिनीतली आर्द्रता वर येते आणि विमानाच्या ॲल्युमिनियमला गंज धरतो. थंड प्रदेशात काँक्रीटमध्येच गरम पाण्याच्या नळ्या घालतात. पायाखालून ऊब येते आणि उघड्या ज्वाळेचा हीटर आत ठेवावा लागत नाही. हँगरपुढच्या अंगणाचा उतार हँगरपासून दूर, पण अगदी हलका असावा. साडेसातशे किलोंचं रिकामं विमान सपाटीवर एक माणूस ढकलतो. चढावर त्याला शेजारी बोलवावे लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच एअरपार्क शहराच्या गटारव्यवस्थेबाहेर आहेत, म्हणजे सेप्टिक टाकी आणि तिचं शोषक्षेत्र आपल्याच प्लॉटवर. त्यावरून विमान नेता येत नाही. हे शोषक्षेत्र आणि विमानाची वाट यांची भांडणं नकाशावरच मिटवावी लागतात, कारण जमिनीवर ती मिटत नाहीत.

चार इंचांचा उंबरठा

घर आणि हँगर एकाच छपराखाली आणायचे की वेगळे ठेवायचे, यावर एअरपार्कवाल्यांत दोन तट आहेत. जोडलेल्या हँगरची मजा अशी, की पावसात छत्री न उघडता स्वयंपाकघरातून थेट विमानापाशी जाता येतं. पण विमानाच्या पंखात शेकडो लिटर पेट्रोल असू शकतं, हे संहिता विसरत नाही. जोडलेल्या हँगर आणि घरामध्ये किमान एक तास आगीला तोंड देणारी भिंत हवी, आणि ती पायापासून छपराच्या खालच्या अंगापर्यंत अखंड. तिच्यात फक्त घरात जाणारं दार चालतं, तेही आपोआप बंद होणारं. त्या दाराला निदान चार इंच उंचीचा न जळणारा उंबरठा लागतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खोलगट जागा शोधते आणि ठिणगीची वाट पाहते. सांडलेलं इंधन आणि त्याची वाफ उंबरठ्याशी अडावी, हा त्यामागचा विचार. याच कारणानं विद्युत संहिता हँगरच्या फरशीपासून अठरा इंचांपर्यंतचा थर धोक्याचा मानते. साधे प्लग आणि बटणं त्याच्या वर चढवावी लागतात.

आणखी एक अट वास्तुरचनेला थेट हात घालते: हँगरमधून झोपायच्या खोलीत दार उघडता कामा नये. हँगरमधून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात आणि घरात जाणारं दार त्यांतली एकच धरली जाते. वीज, सांडपाणी आणि हवेच्या वाहिन्याही घराच्या आणि हँगरच्या वेगळ्या हव्यात. धुराची सूचना देणारी यंत्रंही लागतात. नियम वाचून नकाशा काढणारा वास्तुविशारद मग या अटींतूनच चांगलं घर काढतो. घर आणि हँगर यांच्या मध्ये तो कपडे धुण्याची खोली, कोठार आणि चिखलाचे बूट काढायची जागा घालतो. तेलाचा वास आणि कॉम्प्रेसरचा आवाज तिथेच जिरतो. झोपायच्या खोल्या धावपट्टीपासून सर्वांत दूर जातात. बसायची जागा मात्र धावपट्टीकडे तोंड करते, कारण विमानं बघत बसणं हीच इथल्या माणसांची करमणूक. हँगरमध्ये एक छोटं स्वच्छतागृह ठेवलं की तेलकट हातांनी घरभर फिरणं थांबतं, आणि घरातले वादही.

दिसण्याचा प्रश्न राहतो. एअरपार्कच्या घराला दोन दर्शनी बाजू असतात: एक रस्त्याकडची, पाहुण्यांसाठी, दुसरी टॅक्सीवेकडची, म्हणजे धावपट्टीला जाणाऱ्या वाटेकडची, विमानासाठी. बेताच्या बैठ्या बंगल्याशेजारी वीस फूट उंच पेटारा उभा राहिला की घर त्याचं उपांग वाटू लागतं. छपरांचा उतार एकसारखा ठेवणं, हँगर थोडा मागे घेणं, त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला खिडक्या देणं हे साधे उपाय आहेत. हँगरच्या डोक्यावर राहायची जागा काढण्याची कल्पना कागदावर मोहक वाटते, पण छपरापर्यंत अखंड भिंतीची अट बघता ती मंजूर करून घेणं अवघड आणि महाग.

शेजार, वय आणि विक्री

एअरपार्कमध्ये आवाजाची तक्रार कमी असते, कारण आवाज करणारे सगळेच. तरी नियम असतातच: रात्री अमुक वेळेनंतर इंजिन चालवायचं नाही, पट्टीला चाकं टेकवून पुन्हा उडण्याचा सराव करत बसायचं नाही, विमान शिकवण्याचा धंदा घरातून चालवायचा नाही. मुलांच्या आणि कुत्र्यांच्या बाबतीत मात्र नियम पुरत नाहीत. फिरता पंखा जवळजवळ दिसत नाही. टॅक्सीवे ही खेळायची गल्ली नाही, हे मुलांच्या अंगी मुरवावं लागतं आणि हँगरच्या बाजूला कुंपण घालावं लागतं.

खरी कसोटी पुढे असते. हे घर बांधण्याइतके पैसे आणि वेळ हाताशी येईतो माणूस बहुधा पन्नाशी ओलांडतो, आणि उडण्याची शारीरिक पात्रता वयाबरोबर सैल होत जाते. नियमांनी अलीकडे थोडी मोकळीक दिली आहे. २०१७ पासून ‘बेसिकमेड’ नावाच्या सोप्या वैद्यकीय व्यवस्थेखाली अनेकांना एफएएच्या डॉक्टरकडे पुनःपुन्हा जावं लागत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ‘स्पोर्ट पायलट’ परवान्याची कक्षा सेसना १७२ सारख्या विमानांपर्यंत नेली. त्या परवान्याला मोटार चालवण्याच्या परवान्याइतकी वैद्यकीय पात्रता पुरते, सोबत प्रवासी मात्र एकच. तरी कधीतरी विमान विकायचा दिवस येतोच. जुन्या वस्त्यांतून फिरलं तर विमानाच्या जागी बोट, घरासारखी मोठी गाडी किंवा मुलांचं सामान भरलेले हँगर दिसतात. असे हँगर वाढले की सभेत धावपट्टीवर खर्च करण्याला विरोध वाढतो. न उडणाऱ्याला नवं डांबर कशाला हवं? वस्तीचा ऱ्हास बाहेरच्या विकासकामुळे कमी आणि आतल्या अशा मतदानामुळे जास्त होतो. म्हणून हँगरमध्ये विमान असलंच पाहिजे, असा नियम काही संस्था करतात.

विक्रीचंही तसंच. अशा घराला गिऱ्हाईक मोजकं. बँकेच्या मूल्यांकनकाराला तुलनेसाठी शेजारच्या गावातली घरं चालत नाहीत, आणि पुष्कळदा तो हँगरची किंमत साध्या शेडइतकी धरतो. घातलेला पैसा विक्रीत पुरता निघेल, या हिशेबानं इथे बांधू नये.

आपल्याकडे

महाराष्ट्रात अशा वस्तीची चर्चा सध्या हौसेचीच आहे. खासगी छोटी विमानं थोडी, धावपट्ट्या बहुतेक सरकारी किंवा संस्थांच्या. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत स्वतःची धावपट्टी बांधली गेली, पण प्रत्येक घराशी हँगर हा तिचा हेतू नव्हता. विमान घरी असावं ही ओढ मात्र आपल्याला परकी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं गेलं आणि २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. गच्चीवर विमान तयार होऊ शकतं. तिथून उडू मात्र शकत नाही. त्यांच्याही वाटेतली मोठी अडचण विमान बांधण्याची नव्हती, परवानगीची होती. अमेरिकेत स्थायिक होऊन वैमानिकाचा परवाना काढलेल्या मराठी माणसाला एअरपार्कमध्ये घर बांधण्याचा प्रश्न प्रत्यक्षात पडू शकतो, आणि त्यालाही आधी कागदांशीच झुंजावं लागेल.

तेव्हा घ्यावं की नाही? महिन्यातून एखाद वेळा उडणाऱ्यानं विमानतळावर भाड्यानं हँगर घ्यावा आणि घर शाळा-दवाखान्याजवळ बांधावं. हे स्वस्त पडतं आणि विकायला सोपं. विमान स्वतः बांधणारा, दुरुस्त करणारा, रोज संध्याकाळी तासभर त्याच्यापाशी रमणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी एअरपार्कचा खर्च सत्कारणी लागतो. त्यानंही हँगर आजच्या गरजेपेक्षा थोडा मोठा आणि घर थोडं लहान ठेवावं, कारण घर पुढे वाढवता येतं, पण तुळयांमधलं अंतर बदलता येत नाही. आणि प्लॉटचा बयाणा देण्यापूर्वी तीन कागद मागून घ्यावेत: धावपट्टी वापरण्याच्या हक्काची नोंद, संस्थेची नियमावली आणि मागच्या काही वर्षांचा जमाखर्च. राखीव निधीच्या रकान्यात भोपळा असेल, तर वास्तुविशारदाला फोन करण्याची घाई करू नये.